प्रति कोणाला, प्रत कोणाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या साठेक माणसांच्या मशिन शॉपमध्ये खरेदी आणि डिस्पॅच दोन्ही सांभाळणाऱ्या एकाने विचारलंय: "मेलमध्ये टू, सीसी, बीसीसी नेमकं कसं वापरायचं? चाकणच्या कस्टमरला गाडीची आगाऊ माहिती पाठवतो, सहा जणांना टूमध्ये टाकतो, तरी गाडी गेटवर उभी राहते आणि सहातला एकही उत्तर देत नाही. ओतीव नग देणाऱ्या फाउंड्रीला रिजेक्शनचा मेल टाकताना त्यांच्या मालकांना सीसीत घेतलं, तर तेव्हापासून त्यांचा क्वालिटीचा माणूस माझा फोनच उचलत नाही. आमचे साहेब म्हणतात प्रत्येक मेलला मला मार्क कर, आणि आठवड्याने म्हणतात माझा इनबॉक्स तुंबवू नकोस. त्यांना बीसीसीत ठेवलं तर चालेल का? आणि परवा टूलिंगचे दर मागवणारा मेल २२ सप्लायरना एकदम सीसीत गेला. आता काय करू?"

त्रास चार दिसतात, पण मूळ एकच आहे. मेल लिहायला घेताना 'हे वाचून कोणी काय करायचं' हे पक्कं ठरलेलं नव्हतं, म्हणून नावं अंदाजाने कुठल्या तरी चौकटीत पडत गेली. तुम्हाला त्या पत्ते भरायच्या चौकटी वाटतात. वाचणारा मात्र त्यांच्याकडे कामाची वाटणी म्हणून बघतो. आपलं नाव टूमध्ये दिसलं की 'माझ्याकडे काहीतरी आहे', सीसीत दिसलं की 'सवडीने बघू'. तुम्ही सांगा न सांगा, तो हा अर्थ लावणारच. काही गोष्टी कारखान्या-कारखान्यावर अवलंबून असतात (मालकांचा स्वभाव, कस्टमरची शिस्त, ऑडिटवाले काय मागतात), त्या जिथे येतील तिथे सांगतो.

आधी एक जुना कागद डोळ्यांपुढे आणा. सांगलीतल्या कुठल्याही सरकारी कचेरीचं पत्र घ्या. वर 'प्रति', आणि त्याखाली एकच अधिकारी, पदनामासह. मग विषय, मग संदर्भ. सही झाली की डाव्या बाजूला खाली 'प्रत', आणि तिथे नुसती नावं नसतात. वरिष्ठ असेल तर 'माहितीसाठी सविनय सादर', खालचं कार्यालय असेल तर 'माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी', आणि शेवटी फाइलला लावायची स्थळप्रत. म्हणजे प्रत कोणाला गेली एवढंच नाही, कशासाठी गेली तेही कागदावरच असतं. ज्याला प्रत मिळाली त्याला आपण हलायचं की नुसतं फाइलला लावायचं, हे विचारावं लागत नाही.

ईमेलातली सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये निळा-काळा कार्बन घालून निघायची तीच; बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, इतरांना न दिसणारी प्रत. १९८२ मध्ये ईमेलची मांडणी ठरवणारं आरएफसी ८२२ हे प्रमाण आलं, त्यात टू, सीसी, बीसीसी तिन्ही आहेत. २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्ये सीसीबद्दल साधारण असं म्हटलंय की या लोकांना मेल मिळायचा आहे, पण मजकूर त्यांना उद्देशून असेलच असं नाही. व्याख्या चोख आहे. फक्त आपल्या कागदावरचं ते 'कशासाठी' चौकटीत बसायला जागा मिळाली नाही, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून ते 'कशासाठी' आपण मजकुरात लिहायचं. या सगळ्या उत्तरात लक्षात ठेवण्यासारखं एकच असेल तर ते हे.

आता गाडीचा मेल. सहा जणांना टूमध्ये टाकणं म्हणजे गावजेवणात उभं राहून 'कोणीतरी पाणी वाढा रे' म्हणण्यासारखं आहे. प्रत्येकाला वाटतं दुसरा वाढेल, आणि त्यात कोणाचा आळस नसतो. बायर म्हणतो स्टोअर बघेल, स्टोअर म्हणतं प्लॅनिंगने होकार दिला की घेऊ, प्लॅनिंगच्या माणसाने मेल उघडलेलाच नसतो. गेटवरच्या सिक्युरिटीला यातलं काहीच माहीत नसतं.

गाडीपुरता प्रश्न विचारायचा तो असा: गाडी आली की 'आत घ्या' असं गेटला कोण सांगतं? बायरला एक फोन करून हे विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. तो माणूस, बहुतेक वेळा रिसीव्हिंग स्टोअरचा इनचार्ज, एकटा टूमध्ये. बायर आणि प्लॅनिंग सीसीत. बाकीच्या तिघांची गरज होती का ते तपासा. जुन्या कुठल्या तरी मेलला रिप्लाय ऑल करता करता ती नावं चिकटून आली असण्याची शक्यता जास्त. सब्जेक्टमध्ये गाडी नंबर, इनव्हॉइस नंबर, किती पॅलेट आणि पोचायची वेळ. मेल न उघडता, मोबाइलवर नुसत्या सब्जेक्टवरून गेट पास बनवता आला पाहिजे.

या मेलला उत्तर न येणं महागात पडतं ते ई-वे बिलामुळे, म्हणजे जीएसटीप्रमाणे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदामुळे. त्याची मुदत पहिल्या २०० किलोमीटरला एक दिवस आणि पुढच्या प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक दिवस. सांगली-चाकण २०० च्या पुढे जातं, म्हणजे तुमच्याकडे दोन दिवस. गाडी पहाटे पोचली आणि दिवसभर गेटबाहेर राहिली की त्यातलाच वेळ जातो. मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंतच वाढवता येते. तेव्हा मेलमध्ये 'कृपया लवकर कळवावे' लिहून भागत नाही. 'आज संध्याकाळी ५ पर्यंत गेट एंट्रीचा होकार हवा, नाहीतर ५ वाजता फोन करतो' असं लिहा, आणि खरोखर ५ वाजता फोन करा.

कस्टमरकडे स्टोअरचा सामाईक आयडी असेल तर? शिफ्ट बदलणाऱ्या जागी तोच बरा. इनचार्जच्या वैयक्तिक आयडीवर मेल गेला आणि त्याची साप्ताहिक सुट्टी निघाली तर काय करणार? मात्र सामाईक आयडीला धनी नसतो, म्हणून मजकुराची पहिली ओळ पदाला उद्देशून लिहा: 'सकाळच्या शिफ्टचे स्टोअर इनचार्ज यांच्यासाठी'. आणि पीओवर (खरेदी ऑर्डरवर) 'अमुक आयडीवर कळवावे' असं छापलेलं असेल तर तो आयडी टूमध्ये हवाच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे समोरच्याने एखादा आयडी नेमून दिला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मेल त्या ठिकाणी दाखल झाला की तो पोचला असं धरलं जातं. बायरच्या खासगी जीमेलवर टाकलेला मेल पुढे वाद झाला की हातात धरायला कमी पडतो.

टूमध्ये दोन नावं चालतात, दोन वेगळी कामं असतील तर. मग मजकुरात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम वेगळ्या ओळीत. तीन नावं झाली की मी आधी शंका घेतो: हे बहुतेक दोन वेगळे मेल आहेत.

सीसीला दोन चाचण्या लावा. पहिली: या माणसाने मेल वाचलाच नाही तर काही अडेल का? अडत असेल तर तो टूमधला माणूस आहे. दुसरी जरा टोचणारी: 'तुमच्या मेलमध्ये यांचं नाव का घेतलं' हे टूमधल्या माणसाला तोंडावर सांगता येईल का? फाउंड्रीच्या मालकांच्या बाबतीत तुम्ही इथे अडकलात. पहिल्याच रिजेक्शनला, क्वालिटीच्या माणसाने अजून नगही बघितले नसताना, वर मालक दिसले. मजकूर कितीही सभ्य असला तरी तिकडे तो 'तुमची तक्रार केली' असाच वाचला गेला. आपल्याकडे लहान कारखान्यात मालक आणि माणूस रोज समोरासमोर बसतात. मेल आल्यावर पाच मिनिटांत हाक आली असणार. फोन न उचलण्याचं कारण तेवढंच.

तोच मेल असा गेला असता तर बघा.

टू: फाउंड्रीचे क्वालिटी इंजिनिअर
सीसी: फाउंड्रीचं डिस्पॅच, आपलं स्टोअर
विषय: रिजेक्शन, बेअरिंग हाउसिंग, ३७ नग, चलन ४१२, उत्तर गुरुवार दुपारी १२ पर्यंत

"नमस्कार सर,
चलन ४१२ ने आलेल्या ४८० नगांपैकी ३७ नग मशिनिंगनंतर नाकारले आहेत. कारण बोअरमधले ब्लो होल. ३७ पैकी २९ नग एकाच हीट नंबरचे आहेत. फोटो आणि हीटप्रमाणे तक्ता सोबत जोडला आहे.
तुमच्याकडून गुरुवार दुपारी १२ पर्यंत दोन गोष्टी हव्यात: नग बघायला तुमचा माणूस येणार की आम्ही परत पाठवू, आणि बदली ३७ नग कोणत्या तारखेला मिळतील.
डिस्पॅच विभाग: बदली नगांसाठी माहितीस्तव.
आमचे स्टोअर: हे ३७ नग लाल बिनमध्ये वेगळे आहेत, बघून होईपर्यंत हलवू नयेत."

खालच्या दोन ओळी म्हणजे आपली जुनी 'प्रत' आहे. सीसीतल्या प्रत्येकाला एक ओळ. ज्याच्यासाठी ओळच सुचत नाही त्याचं नाव काढून टाका; हा सर्वांत सोपा गाळण्याचा मार्ग आहे.

आपलं अकाउंट या मेलमध्ये नाही, ते मुद्दाम. 'डेबिट नोट (नाकारलेल्या मालाचे पैसे वळते करण्याचा कागद) आत्ता काढू नका, आधी उत्तर येऊ दे' ही आपल्या घरातली गोष्ट. बाहेरच्या माणसाला जाणाऱ्या मेलमध्ये घरच्या सूचना घातल्या की आपण किती ताणणार आहोत हे समोरच्याला फुकट कळतं. पाठवलेला मेल सेंटमधून अकाउंटला वेगळा फॉरवर्ड करा आणि वर ती एक ओळ लिहा. दोन मेल झाले तरी चालेल. बाहेरचा आणि घरचा माणूस एकाच मेलमध्ये असेल तर घरच्याने कधीतरी रिप्लाय ऑल मारून 'यांना अजून दहा टक्के खाली आणता येईल' असं लिहिण्याची जोखीम कायम राहते.

रिजेक्शनचा मेल नीट पत्त्यावर आणि वेळेत जाण्याला आणखी एक कारण आहे. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे मालाबद्दलची हरकत माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. तशी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं धरून पैशांची मुदत मोजली जाते, आणि करार असला तरी ती ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. फोनवर 'अहो, होल निघालेत' म्हणणं इथे मोजलं जात नाही. व्हॉट्सॲपवर फोटो टाका हवं तर, काम लवकर हलतं, पण त्याच दिवशी मेलही जाऊ द्या.

मग मालकांना सीसीत कधी घ्यायचं? माझा क्रम असा. पहिला मेल फक्त संबंधित माणसाला, तारखेसह. ती तारीख उलटली की त्याच मेलवर आठवण, आणि त्या दिवशी फोन. तरीही काही नाही, तर तिसऱ्या मेलला मालक सीसीत, पण उघड सांगून: 'मागच्या दोन मेलना उत्तर नाही आणि शनिवारी आमची लाइन थांबेल, म्हणून साहेबांना सीसीत घेतलं आहे.' सांगून घेतलेलं नाव बोचतं, पण त्यात दगा वाटत नाही; गुपचूप वाढवलेलं नाव वाटतं. अपवाद दोन. माणसाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल किंवा लाइन आजच थांबणार असेल तर पहिल्याच मेलला मालक हवेत. आणि फाउंड्री एवढी लहान असेल की क्वालिटी, विक्री, वसुली सगळं मालकच बघतात, तर ते सरळ टूमध्येच. तुमच्या त्या क्वालिटीवाल्याशी मात्र आता मेलवर काही लिहू नका. प्रत्यक्ष जाऊन या, पुढच्या वेळी आधी तुम्हालाच विचारीन म्हणा, चहा घ्या. ही गाठ मेलने सुटणारी नाही.

साहेबांचं दुखणं बहुतेक कारखान्यांत आहे. 'मला मार्क कर' म्हणताना त्यांना मेल वाचायचे नसतात. आपल्या अपरोक्ष काही घडू नये एवढंच हवं असतं. आणि खालच्या माणसाला सीसी म्हणजे कवच वाटतं: 'साहेब, तुम्हाला मेलमध्ये घेतलं होतं की.' दिवसाला चाळीस मेल सीसीत गेले तर त्या कवचाला अर्थ उरत नाही, कारण साहेबांनी ते वाचलेले नसतात आणि पुढे तसं म्हणण्याचा त्यांना हक्कही असतो. आत्ताच नियम मोडू नका. एक महिना सांगितल्याप्रमाणे मार्क करा, पण बाजूला रोज संध्याकाळी पाच-सहा ओळींचा एक वेगळा मेल फक्त त्यांना टूमध्ये टाका: आज काय गेलं, काय अडलं, तुमचा होकार कशाला हवा. महिन्याने विचारा, 'साहेब, यापुढे सीसीत फक्त दर, रिजेक्शन आणि तारीख बदलणारे मेल ठेवू का?' बहुतेक जण तेव्हा हो म्हणतात. नाही म्हणाले तर त्यांच्या आउटलूकमध्ये एक रूल लावून द्या: नाव सीसीत असेल तर मेल वेगळ्या फोल्डरमध्ये. जीमेलमध्येही सीसीत आलेले मेल शोधून त्यावर फिल्टर आणि लेबल लावता येतं. मग इनबॉक्समध्ये त्यांचं नाव टूमध्ये असलेलेच मेल राहतात. याला एक अट आहे: त्यांचा होकार हवा असेल तेव्हा त्यांना चुकूनही सीसीत ठेवायचं नाही. तिथे नाव टूमध्येच.

बीसीसीत साहेबांना ठेवू का, याला उत्तर: नको. कारण समजून घेतलं तर पुन्हा विचारावं लागणार नाही. मेल जातो तेव्हा सर्व्हरला दोन गोष्टी मिळतात, पाकिटावरचे पत्ते आणि आतलं पत्र. टू आणि सीसीतली नावं पाकिटावर असतात आणि आतल्या पत्राच्या डोक्यावरही छापलेली असतात. बीसीसीतलं नाव फक्त पाकिटावर असतं, इतरांना गेलेल्या पत्रात ते येत नाही. यातून तीन गोष्टी घडतात. इतरांना ते नाव दिसत नाही. इतरांनी रिप्लाय ऑल केलं तरी ते उत्तर बीसीसीवाल्याला जात नाही, म्हणजे साहेबांना पहिला मेल दिसतो आणि पुढचं सगळं संभाषण हुकतं. आणि तिसरी खरी घातक: बीसीसीवाल्याने स्वतः रिप्लाय ऑल केलं तर ते टू आणि सीसीतल्या सगळ्यांना जातं. साहेब गाडीत बसून मोबाइलवर मेल बघतात, आपण बीसीसीत आहोत हे त्यांच्या ध्यानात येत नाही, आणि 'याला जास्त भाव देऊ नकोस' हे कस्टमरच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं. त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक मेलमागे कोण लपलंय, असा संशय समोरच्याला येत राहणार.

साहेबांना दाखवायचंच असेल तर पाठवून झालेला मेल सेंटमधून फॉरवर्ड करा. त्यांनी उत्तर दिलं तरी ते फक्त तुमच्याकडे येतं.

बीसीसी कामाची असते ती दोन-तीन जागीच. एकमेकांना न ओळखणाऱ्या बऱ्याच जणांना एकच मजकूर द्यायचा असेल: दिवाळीच्या सुट्टीची सूचना सगळ्या सप्लायरना, बदललेला बँक खाते क्रमांक (तो मात्र फोनवर खात्री करून घ्या असं त्यात लिहाच), मुलाखतीची तारीख उमेदवारांना. अशा वेळी टूमध्ये स्वतःचा आयडी, बाकी सगळे बीसीसीत. दुसरी जागा, कोणी तुमची ओळख करून दिली आणि पुढच्या बोलण्यात त्यांचं काम नाही: 'ओळखीबद्दल आभार, आता तुम्हाला बीसीसीत ठेवतोय' असं लिहून त्यांना मोकळं करायचं. तिसरी, एखादा रेकॉर्डचा आयडी. बस.

पत्ते उघडे पडण्याला लोक किरकोळ समजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयातून अफगाणिस्तानातून बाहेर काढायच्या लोकांना एक मेल गेला, सगळे पत्ते टूमध्ये. २४५ जणांची माहिती एकमेकांना दिसली, काहींचे प्रोफाइल फोटोही, आणि त्यात कोणी रिप्लाय ऑल केलं. तालिबानच्या हाती ती यादी लागली असती तर जिवावर बेतणारं होतं. तिथल्या माहिती आयुक्तांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड केला. आपल्या टूलिंगच्या दरांत कोणाचा जीव जात नाही, पण चूक बोटाची आणि तीच. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झालेला आहे, आणि माणसाच्या नावाचा मेल आयडी ही त्याची वैयक्तिक माहितीच.

दर मागवण्यासाठी मात्र मला बीसीसीही फारशी पसंत नाही. टूमध्ये पाठवणाऱ्याचाच आयडी दिसला की सप्लायरला कळतं, हा घाऊक मेल आहे. तो दरही तसाच घाऊक देतो, किंवा देतच नाही. एकाच वेळी भरपूर पत्ते गेले की मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यताही वाढते, आणि साध्या जीमेलला एका मेलमध्ये किंवा दिवसभरात ५०० पत्त्यांची मर्यादा आहेच. त्यापेक्षा एक्सेलमध्ये नाव, फर्म, आयडी, लागणारं टूल अशा चार कॉलमची यादी करून वर्ड आणि आउटलूकच्या मेल मर्जने प्रत्येकाला त्याच्या नावाने वेगळा मेल पाठवा. मेल मर्ज जमत नसेल तर २२ मेल हाताने पाठवायलाही एक दुपार पुरते.

दर फुटण्याचा दुसरा रस्ता सीसीपेक्षाही नेहमीचा आहे, आणि तो म्हणजे ट्रेल मेल, खाली जुनी उत्तरं चिकटून आलेला मेल. फाउंड्रीचं कोटेशन आलं, त्यावर साहेबांनी 'ठीक आहे, यावर आपले १८ टक्के धर' लिहिलं, तुम्ही तोच मेल पुढे कस्टमरला फॉरवर्ड केला. वर तुमचं सुबक पत्र, आणि खाली बोट सरकवलं की सगळा हिशेब. बाहेरच्या कोणाचंही नाव नव्याने वाढवताना मेल तळापर्यंत वाचा. शंका आली तर नवा मेल सुरू करून फक्त अटॅचमेंट जोडा. उलट दिशेनेही तसंच, कस्टमरचं ड्रॉइंग असलेला मेल सप्लायरला ढकलताना त्यावर कस्टमरचं नाव आणि रेट आहे का बघा. आणि ट्रेलमधून कोणाला वगळताना एक ओळ टाका: 'स्टोअरचं काम झालं, त्यांना यापुढे वगळतोय.' नाहीतर ते महिनाभर तुमच्या मेलमध्ये बसून राहतात, किंवा अचानक गायब झाल्याबद्दल विचारत येतात.

चुका टाळायला हाताची सवय बदला. मेल आधी लिहा, अटॅचमेंट जोडा, पत्ते शेवटी भरा. रिप्लायमध्ये पत्ते आधीच भरलेले असतात, तिथे ते काढून पुन्हा भरणं जिवावर येतं हे खरं, पण दर किंवा तक्रार असेल तेव्हा तेवढं कराच. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची वेळ मुळात ५ सेकंद असते, ती ३० करा. तिथेच 'नेहमीचा रिप्लाय' हा पर्याय रिप्लाय ऑलवर असेल तर साध्या रिप्लायवर आणा. आउटलूकमध्ये रूल लावून प्रत्येक मेल काही मिनिटं उशिरा निघेल असं करता येतं, १२० मिनिटांपर्यंत. दोन मिनिटं पुरतात. आउटलूकच्या रिकॉलवर विसंबू नका, बाहेरच्या कंपनीत गेलेला मेल त्याने परत येत नाही, उलट 'मागे घ्यायचा आहे' ही सूचना बघून माणूस तो आधी उघडतो. दोन अक्षरं टाइप केली की सुचणारी नावं हा आणखी एक सापळा. एकाच नावाचा एक माणूस कस्टमरकडे आणि एक सप्लायरकडे असतोच. कॉन्टॅक्टमध्ये नावापुढे फर्म लिहा आणि सोडून गेलेल्यांचे आयडी सुचवणाऱ्या यादीतून काढून टाका.

राहिला तो २२ जणांचा मेल. तो परत येणार नाही, तेव्हा आवराआवर. पहिलं काम, त्याच मेलवर रिप्लाय ऑल करून माफी मागू नका. तीच यादी दुसऱ्यांदा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जाते. दुसरं, साहेबांना आजच सांगा, एखाद्या सप्लायरचा फोन त्यांना येण्याआधी. तिसरं, नवा मेल, टूमध्ये तुम्ही, बाकी बीसीसीत: 'परवाच्या मेलमध्ये चुकून सर्वांचे पत्ते दिसले, क्षमस्व. तो मेल काढून टाकावा आणि त्यावर रिप्लाय ऑल करू नये. दर फक्त या आयडीवर वेगळा मेल करून पाठवावा.' तिघाचौघांनी आधीच रिप्लाय ऑलवर दर दिले असतील तर त्यांचे दर बाकीच्यांनी बघितलेत असं धरून चाला. त्या टूलचे दर या फेरीत बाजूला ठेवा, आणि आठवड्याने नव्या ड्रॉइंग नंबरसह एकेकाला वेगळे मागवा. जुन्या, विश्वासाच्या चार-पाच सप्लायरना मात्र मेलच्या आधी फोन.